सुनेआधी मुलाची तपासणी

लग्नाला तीन-चार वर्षे लोटली आणि पाळणा हलला नाही, की वडीलधाऱ्यांच्या जिवाला घोर लागतो. तो स्वाभाविकच आहे. खटकते ती त्यानंतरची धावपळ. नवस होतात, उपास होतात, सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते. मुलाच्या वीर्याची साधी तपासणी तेवढी राहून जाते. वस्तुतः अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष, एकटा अथवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीने, आढळतो.

नवीन जालन्याच्या बाजारातून बियाणे नेणारा शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. (हा दाखला तपासणीपुरताच. स्त्री म्हणजे केवळ जमीन, हा जुना समज साफ चुकीचा आहे. बीज तिचेही असते.)

तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरी घेतल्यास शरीराच्या उबेत ठेवून तासाभरात पोहोचला पाहिजे. म्हणून जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला नमुना पाठवू नये, मुलाने स्वतः जावे.

अहवालातील आकड्यांनी घाबरून जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ४२ टक्के हालचाल करणारे आणि ४ टक्के सुघड आकाराचे, या खालच्या मर्यादा आहेत. होय, केवळ चार टक्के! ज्यांच्या पत्नींना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासणीतून त्या काढलेल्या आहेत. तो उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निकाल नव्हे. आकडा त्याखाली असूनही बाप झालेले पुरुष आहेत. शिवाय शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. दीड महिन्यापूर्वीचा डेंग्यूचा ताप आजच्या अहवालात उमटू शकतो. पहिला अहवाल बिघडलेला आला, तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

वृषणांना शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. पोलाद कारखान्यात भट्टीपुढे उभे राहणाऱ्या मुलाने आपले काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तंबाखू, मधुमेह, वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा यांचाही विचार व्हावा. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेली संप्रेरकांची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकतात, आणि हे मुले घरी सांगत नाहीत.

एक माहिती मात्र आपल्यापाशीच असते. लहानपणी मुलाचा अंडकोष खाली उतरला नव्हता काय? वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजले होते काय? हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती काय? मुलाला हे आठवत नसते, आईला आठवते. ते कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे.

उपचाराची निवड बरीचशी याच अहवालावर ठरते. हालचाल करणारे शुक्राणू पुरेसे असतील आणि पत्नीच्या गर्भनलिका मोकळ्या असतील, तर निवडक शुक्राणू गर्भाशयात सोडण्याचा सोपा उपाय आधी करता येतो. ते फारच कमी असतील, तर एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचण्याची पद्धत आहे. तिने झालेले पहिले अपत्य १९९२ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले. एकही शुक्राणू न दिसल्यास वाट अडली आहे की निर्मितीच होत नाही, हे शोधतात. कित्येकदा वृषणातून सुईने शुक्राणू मिळतात. मात्र सुनेचे वय पस्तिशीपुढे असेल, तर सोप्या उपायांत वर्षे दवडू नयेत.

२०२१ च्या कायद्याने अशी केंद्रे नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. मुलगाच होईल अशी हमी देणाऱ्या दारातून तत्काळ परत फिरावे. गर्भलिंगनिवड हा गुन्हा आहे. आणि अहवाल मुलाच्या नावाचा असतो. तो त्याने आपणहून दाखवला तरच पाहावा, आणि नातलगांत त्याची चर्चा करू नये.