शिसे आणि आवळा

हुपरीच्या चांदी कारागिराला देण्याजोगा सर्वांत स्वस्त उपदेश म्हणजे, आवळा खा, 'क' जीवनसत्त्वाची गोळी घ्या, शिशाचे विष मेंदूला बाधणार नाही! या उपदेशात शास्त्र मुळीच नाही असे नव्हे. शिशामुळे पेशींत होणाऱ्या ऑक्सिडीकरणाला अशी जीवनसत्त्वे काही अंशी आवर घालतात. आहारात लोह व कॅल्शियम कमी असले की शिसे अधिक शोषले जाते, म्हणजे अर्धपोटी मजूरच आधी बळी पडतो. पण हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे तेथेच राहते, आणि वाढत्या मुलाच्या मेंदूची झालेली हानी आवळ्याने भरून निघत नाही. शिशाची निर्धोक मात्राच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पश्चिम महाराष्ट्रातील चांदी कारागिरांच्या रक्तात शिसे वाढल्याचे संशोधन २००७ सालीच प्रसिद्ध झाले. भट्टी घरातच असेल, तर धूर पाळण्यापर्यंत पोहोचतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने शिशाची विषबाधा शासनास कळविणे बंधनकारक केले खरे. परंतु दोन-चार माणसांची घरगुती भट्टी त्या कायद्याच्या व्याख्येतच बसली नाही. व्यापाऱ्यांना हेच सोयीचे. चांदी त्यांची, नफा त्यांचा, धूर कारागिराचा. आणि आता गोळ्याही त्यानेच मजुरीतून घ्यायच्या!

भट्ट्या वस्तीबाहेर न्या, धूर ओढणारी यंत्रे बसवा, कारागिरांचे व त्यांच्या मुलांचे रक्त दरवर्षी तपासा. खर्च चांदी देणाऱ्या व्यापाऱ्याने सोसावा. १९७६ साली विडी कामगारांच्या कल्याणासाठी विड्यांच्या तंबाखूवर उपकर बसविता आला. मग चांदीच्या किलोवर तो बसविण्यास अडचण कोणती?