आवाजाआधी फ्यूज

टॅक्सी-जीप चालवणाऱ्या तरुण बांधवांनो, गाडीत सबवूफर बसवण्याआधी ओहमचा हिशेब करा. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले तर भार २ ओहम होतो, एकसर जोडले तर ८. तुमचा अॅम्प्लिफायर २ ओहमला चालणारा नसेल तर समांतर जोडणीने तो तापून जळू शकतो. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. आरएमएस वॅट पाहा. १२ व्होल्टवर ५०० वॅटसाठी ४० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. म्हणून तांब्याची जाड वायर घ्या. वायरला पेलेल एवढाच फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावा. फ्यूज नसेल आणि वायर पत्र्याला घासली, तर गाडी पेटू शकते. हप्त्यांवर घेतलेली गाडी म्हणजे घरची चूल. ती गाण्यापायी जाळू नका.