कंपायलरही कुणीतरी बिल्ड केलेला असतो!

"कंपायलर कधी चुकत नाही, चुकता तुम्ही!" मंडळी, हे वाक्य फर्स्ट इयरपासून आपण सगळेच ऐकतोय. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये याच वाक्यापायी माझ्या पार्टनरवर अन्याय झाला, आणि तो करणारा मीच होतो.

प्रोजेक्ट साधाच. एआरएम बोर्डवर सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम. चार थ्रेड्स सेन्सर वाचणार, पाचवा डेटा नेटवर्कवर पाठवणार. लॅपटॉपवर रात्रभर चालायचा. बोर्डवर मात्र कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी सेगमेंटेशन फॉल्ट! कोड पार्टनरचा, म्हणून शिव्याही त्यालाच. बिचाऱ्याने दोन आठवडे दिसेल तिथे म्युटेक्स घातले. सीनियर्सचे सल्ले तर अजून भारी: "ऑप्टिमायझेशन काढ", "मध्ये एक स्लीप टाक". याला मी उपाय म्हणतच नाही. थ्रेड्सच्या वेळा थोड्या सरकतात, क्रॅश लांबतो आणि नेमका व्हायवाला येतो.

लॅपटॉपवर थ्रेडसॅनिटायझरही (जीसीसीमध्ये तो २०१३ च्या ४.८ पासून आहे) एकही रेस दाखवेना, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बोर्डसाठीच्या कंपायलरला 'जीसीसी -व्ही' विचारलं. उत्तरात एक ओळ होती, थ्रेड मॉडेल: सिंगल!

हा क्रॉस-कंपायलर बिल्ड केला होता मी. पहिल्या फेरीत बोर्डची सी लायब्ररीच तयार नसते, म्हणून जीसीसी थ्रेड्स बंद ठेवून बनवतात. दुसऱ्या फेरीत तो पर्याय काढायचा असतो. मी जुनी कमांड तशीच चिकटवली. झालं! सी प्लस प्लसच्या लायब्ररीने धरून चाललं की थ्रेड एकच आहे, मग शेअर्ड पॉइंटरचा काउंट ॲटॉमिक ठेवायचा कशाला? काउंट २ असताना दोन थ्रेड्सनी एकदम कॉपी घेतली. दोघांनी २ वाचले, दोघांनी ३ लिहिले. हवे होते ४. पुढे काउंट वेळेआधीच शून्यावर येतो, मेमरी सुटते आणि भलताच थ्रेड ती वापरायला जातो. कॉपी लॉकच्या बाहेर होत असेल तर क्यूला कितीही म्युटेक्स घाला, काय उपयोग?

पॉझिक्स थ्रेड्स चालू करून जीसीसी पुन्हा बिल्ड केला, रात्र गेली. आमचा सगळा कोडही परत कंपाइल करावा लागला, कारण शेअर्ड पॉइंटरचा बराचसा भाग हेडरमधून आपल्याच प्रोग्रॅममध्ये उतरतो. त्यानंतर बोर्ड चार दिवस सलग चालला.

तरी माझं स्पष्ट मत आहे की कंपायलर रिबिल्ड करणं म्हणजे अंगारा लावणं नव्हे. काय बदललं आणि त्याने क्रॅश का थांबला, हे सांगता येत नसेल तर ती रात्र झोपण्यात घालवा. पण '-व्ही'ची ती एक ओळ वाचायला दोन सेकंद लागतात. आपल्या लॅबमध्ये ती पहिल्याच प्रॅक्टिकलला का दाखवत नाहीत?

पार्टनरची माफी मागितली. "वडापाव दे," एवढंच म्हणाला. त्याचे म्युटेक्स आम्ही तसेच ठेवलेत. क्यूभोवतीचे तर पहिल्यापासून बरोबरच होते.