गणवेश दिला, गोत्र विचारले

सोव्हिएत संघराज्याचे दरवाजे १९८९ नंतर खुले झाले आणि सुमारे दहा लाख माणसे इस्रायलमध्ये स्थायिक झाली. आजी किंवा आजोबा ज्यू असले तरी नागरिकत्व मिळावे, अशी तरतूद तेथील कायद्यात १९७० सालीच झाली होती. धर्मपीठ मात्र वंश आईकडून मोजते. साहजिकच आलेल्यांपैकी लाखो जण त्याच्या लेखी ज्यू ठरत नाहीत. या घरांतील मुलांना लष्करी सेवेचा हुकूम बिनचूक येतो. सेवा बजावून परतलेल्या जवानाला लग्नासाठी सायप्रस गाठावे लागते, कारण नागरी विवाहाची सोयच इस्रायलमध्ये नाही.

मुंबईकरांना ही कहाणी परकी वाटू नये. मांडवीतील सॅम्युअल स्ट्रीटवर शहरातले पहिले सिनेगॉग १७९६ साली उभारले ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. कंपनी सरकारच्या फौजेतील देशी अंमलदार, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवार पाळतात म्हणून 'शनवार तेली' म्हटल्या गेलेल्या बेने इस्रायलांपैकी अनेकांनी या फौजेत नाव काढले. पुढे पलटणी जातवार होऊ लागल्या. या चिमुकल्या समाजाला स्वतंत्र पलटण कोठून मिळणार? तो कारकुनीकडे वळला. स्वतंत्र भारतात याच समाजातील बेंजामिन सॅमसन १९६५ च्या युद्धकाळी आरमारी ताफ्याचे प्रमुख होते. त्यांची आजी कोण, हे कोणी विचारले नाही.

तो प्रश्न विचारला गेला इस्रायलमध्ये. १९४८ नंतर मुंबईहून व कोकणातून गेलेल्या कुटुंबांची मुले तेथील सैन्यात दाखल झालेली असतानाच, १९६२ साली धर्मपीठाने फर्मान काढले: बेने इस्रायलाचा विवाह इतर ज्यूशी ठरल्यास आई, आजी आणि त्यामागील पिढ्यांचा शोध घ्यावा. घरात मराठी बोलणाऱ्या या माणसांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये पार्लमेंटने त्यांची बरोबरी मान्य केली आणि फर्मानातून समाजाचे नाव गळले. चौकशी गेली नाही. ज्याच्याविषयी शंका येईल अशा कोणालाही ती लागू झाली. विजय खरा, पण अर्धाच म्हणावा लागेल.

रशियातून आलेल्या तरुणांसाठी लष्करानेच २००१ पासून धर्मांतराचा अभ्यासक्रम चालवला आहे. तोडगा वरवर उदार दिसतो. परंतु ज्याने प्राण पणाला लावले त्याने शिवाय परीक्षाही द्यावी, असाच त्याचा अर्थ होतो. आणि २०१० च्या सुमारास, ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सैनिकांच्या धर्मांतराबद्दलही काही रब्बींनी शंका उपस्थित केलीच.