हप्ता फिटला, पुढे काय?

नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. आज नगर जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरमध्ये, गावोगावी गट आहेत. हप्ता वेळेवर फिटला की कागदोपत्री बाई ‘सक्षम’ ठरते. पण वर्षभराने पुन्हा तिच्या घरी गेले, की वहीत नसलेले दिसते. कुठे दोघींनी मिळून शेवयांचे यंत्र घेतलेले असते. काम वाढल्यावर तिसरीलाही सामील केलेले असते. कुठे गाईचे कर्ज बाईच्या नावावर, धारही तीच काढते. डेअरीतले खाते मात्र नवऱ्याचे. पहिली भागीदारी, दुसरे निव्वळ राबवून घेणे. वसुलीच्या तक्त्यात दोन्ही सारखेच! म्हणून मैत्रिणींनो, भेटीत हप्त्याआधी विचारूया : पैसा कुणाच्या हाती? निर्णय कुणाचा?