ब्रेकचं आधी बघा

आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळचा ट्रॅक्टर आहे. मॅसी फर्ग्युसन १०३५, १९८४ साली बँकेचं कर्ज काढून घेतलेला. मी लग्न होऊन आले तेव्हाच तो म्हातारा झाला होता, पण घरात मान माझ्यापेक्षा त्याला जास्त! दसऱ्याला पहिला झेंडूचा हार त्याला. मागच्या दिवाळीत त्याला नवा लाल रंग लावला, नवी सीट आणली, गाण्यांची सोयही केली. ब्रेकचं विचारलं तर दीर म्हणाले, "लागतात की, जरा उशिरा लागतात."

जरा उशिरा म्हणजे काय, ते आम्हाला कॅनॉलच्या उतारावर कळलं. भांगलणीला निघालेल्या वस्तीवरच्या बारा-तेरा जणी ट्रॉलीत होत्या. बचत गटाच्या कामासाठी मीही त्यांच्यात चढले होते. उतार लागला आणि गिअर आपोआप निसटला. इंजिनाची पकड सुटली आणि मागून ट्रॉलीचा रेटा. दिरांनी ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर एकीकडेच ओढायला लागला. शेवटी त्यांनी तो सरळ उसात घातला. एकीचं मनगट मोडलं, बाकीच्यांवर खरचटण्यावर भागलं. त्यानंतर आठ दिवस मला धड झोप नव्हती.

मी बी.ए. मराठी. यंत्रातलं मला काय कळणार, असं घरातल्यांना वाटायचं आणि मलाही. पण या वेळी मी मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बसले. मागची चाकं काढली, ड्रम उघडले, तर आतले लायनर तेलाने चिंब! चाकाच्या आसाचं ऑइल सील गेलं होतं. त्यातून तेल झिरपत ब्रेकवर येत होतं. आजवर काय केलं, तर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून तेच लायनर परत बसवले. दोन दिवस ब्रेक लागायचे, पुन्हा तेच. "वहिनी, तेल प्यालेला लायनर फेकायचाच असतो. आणि सील न बदलता नवा घातला तर तोही जाणार," मिस्त्री म्हणाले. तेल जास्त भरलं किंवा आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक मातीने बुजलं, तरी तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं, हेही त्यांनीच सांगितलं. ते भोक साफ करायला पाच मिनिटं लागली. इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडल असतात, डाव्या आणि उजव्या चाकाची वेगळी. शेतात वळण घ्यायला ते सोयीचं. पण रस्त्यावर दोन्हींना जोडणारी पट्टी लावायलाच हवी, नाहीतर एकच चाक धरतं. आमची पट्टी गंजून कधीची पडून गेली होती. गिअरचं दुखणं याहून मोठं. दात झिजलेले, स्प्रिंग ढिली, म्हणून दीर उतारावर दांडा हाताने धरून बसायचे. त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागले. खर्च ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, रंगाला पैसे होते ना?

हो, एक राहिलंच. जुन्या लायनरच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक. मिस्त्रींचा पोरगा हवेच्या नळीने ड्रम साफ करणार होता. मी ओल्या फडक्याने पुसायला लावलं. ते कपडे घरी कोण धुतं, हे आपल्याला माहीत आहेच.

मैत्रिणींनो, ट्रॉलीत माणसं बसवायची नसतात, ती मालासाठी आहे, हे मलाही कळतं. पण वस्तीवर एसटी येत नाही, तेव्हा शेतमजुरीला जाणारी बाई कशात बसणार? एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजुरीला निघालेल्या बायकांचा ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि सात जणी गेल्या. तिथे ब्रेकचा दोष होता असं माझं म्हणणं नाही. पण मागे कोण बसलेलं असतं, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने बघितलं. चालवणारा उडी तरी मारू शकतो. मागे फावडी-खुरप्यांमध्ये बसलेली बाई काय करणार?

नव्या ट्रॅक्टरना तेलात बुडालेले ब्रेक येतात. आपल्या जुन्यालाही तसले बसवू, असं दिरांच्या मनात आलं होतं. मिस्त्री म्हणाले, त्यासाठी मागचा सगळा भागच बदलावा लागेल. मला ते पटलं नाही. आहे तेच ड्रमचे ब्रेक सील, लायनर, पट्टीसकट नीट ठेवले, तर आमच्या कामाला पुरेत. उरलेले पैसे ट्रॉलीला ब्रेक बसवण्यात घालावेत असं माझं मत आहे. त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.

आता वस्तीवरच्या बायका ट्रॉलीत चढण्याआधी दिरांना सांगतात, "भाऊ, आधी रिकामाच उतारावर थांबवून दाखवा." दीर कुरकुरतात. मनगट मोडलेल्या मावशी बांधावर उभ्या राहून बघतात, आणि त्यांनी मान हलवली की मगच बाकीच्या चढतात.