ऊद लावावा, पण कसा?

हल्ली पुष्कळ घरांच्या कपाटांत एक नवी कुपी दिसू लागली आहे. मुलगा किंवा जावई दुबईला, मस्कतला असतो. दिवाळीला येताना तो उदाचे अत्तर आणतो. पहिल्या दिवशी सगळी मंडळी ते मनगटाला चोळतात, आजी नाकाला पदर लावून “हे औषध कसले रे?” असे विचारतात, आणि कुपी जी आत जाते ती पुढच्या दिवाळीपर्यंत बाहेर येत नाही. एवढी मोलाची वस्तू अशी पडून राहावी, हे बरे नव्हे.

आधी नावाचा घोटाळा दूर करू. संध्याकाळी निखाऱ्यावर आपण घालतो तो ऊद म्हणजे एका झाडाचा डिंक. अरबांचा ऊद म्हणजे आपला अगरू, आणि त्याचे झाड आपल्याच आसामात होते. निरोगी झाडाचे लाकूड फिकट असते, त्याला म्हणावा असा वास नसतो. झाडाला जखम झाली, कीड लागली, आत बुरशी शिरली, की ते स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करते. सुगंध आहे तो या राळेचा. प्रत्येक झाडात ती सापडतेच असे नाही आणि बाहेरून नेमके कळत नाही, म्हणून रानातली झाडे अंदाजाने तोडली गेली. 1995 पासून या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आता आसामात लोक परसात अगरू लावतात, तरी शुद्ध तेल महागच. तेव्हा भरली बाटली स्वस्तात मिळाली असेल, तर ते मिश्रण आहे असे खुशाल समजावे. मिश्रण वाईटच असते असे नाही. फक्त शुद्धाचे पैसे देऊ नयेत.

उदाचा पहिला दर्प चामड्याचा, थोडासा गोठ्याचा. म्हणून तो एकटा लावू नये, खाली चंदन असावे. ही काही परदेशी फॅशन नव्हे. कनौजचे अत्तरवाले गुलाबाची, केवड्याची, इतकेच काय भाजलेल्या मातीचीही वाफ चंदनाच्या तेलात उतरवीत आले. चंदन सावकाश उडते आणि वरच्या वासाला धरून ठेवते. (हल्ली चंदन महागल्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पॅराफिन तेल असते, विचारून घ्यावे.) आणि आपल्या उटण्यात तरी काय असते? वाळा, नागरमोथा, कचोरा, चंदन. म्हणजे पहिला थर अभ्यंगस्नानालाच बसला! त्यावर फुलांच्या वासाची पावडर थापू नका, म्हणजे झाले.

स्नानानंतर चमचाभर खोबरेल तेलात चंदनतेलाचा एक थेंब मिसळून गळ्याला, मनगटांना लावावा. दहा मिनिटे फराळाची ताटे मांडावीत. मग काडीच्या टोकावर येईल तेवढाच ऊद कोपराच्या आतल्या बाजूला टेकवावा, चोळू नये. कातडी नाजूक असेल तर आदल्या दिवशी हातावर लावून पाहावे.

तिसरा थर आयरिसचा. हा वास फुलाचा नसून कंदाचा आहे. इटलीत, फ्लॉरेन्सच्या आसपास, हे कंद सोलून, वाळवून तीन ते पाच वर्षे ठेवतात, तेव्हा कुठे त्यांना वास येतो: कोरडा, मऊ, जुन्या पावडरच्या डब्यासारखा. उदाचा उग्रपणा त्याने निवतो. अस्सल आयरिस फार महाग. पण त्या धाटणीचा सेंट असेल तर हातभर अंतरावरून एकदाच फवारावा. नसेल तर वाळ्याचे अत्तर चालेल. तेही मुळाचेच, आणि माझ्या मते आपल्या हवेला अधिक मानवते.

पैठणीवर मात्र काही उडवू नका. उदाच्या तेलाचा डाग रेशमावरून जात नाही, आणि सेंटमधल्या स्पिरिटने जर काळवंडते. दुसरे असे, की आपले नाक थोड्याच वेळात वासाला सरावते. “उडून गेले वाटते” म्हणून भाऊजी पुन्हा कुपी उघडतात, आणि पाडव्याच्या पंगतीत शेजारच्याला जिलबीलाही उदाचा वास येतो. लावायचे की नाही ते दुसऱ्याला विचारावे. घरात कोणाला दमा असेल तर आधीच फटाक्यांचा धूर असतो. त्या घरी हा बेत नकोच.

विकत घ्यायचे असेल तर मुंबईत महंमद अली रोडवर अत्तरांची दुकाने आहेत. मनगटाला एकच वास लावून घ्यावा, तासभर बाजारात हिंडावे, चहा घ्यावा, मग हुंगून पाहावे. तेव्हाही आवडला तर सगळ्यांत लहान कुपी मागावी.